उंदराचं मूत आणि आपले पाय

(पनवेलच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय उंदीर. हसायचं तेवढं आत्ताच हसून घ्या. क्रांतीवर बोलायचं सोडून हा गडी उंदरावर काय बोलतोय, असं मागच्या रांगेतल्यांना वाटत असेल. पण जो शत्रू डोळ्यांना दिसतो त्याच्यावर आपण रोजच बोलतो. सावकारावर बोलतो, मुकादमावर बोलतो, पुढाऱ्यावर बोलतो. जो दिसत नाही, पाण्यातून येतो, पायाच्या भेगेतून आत शिरतो आणि जवान माणूस दहा-पंधरा दिवसांत उचलून नेतो, त्याच्यावर कोण बोलणार? डॉक्टर बोलतात. पण त्यांच्या भाषेत, त्यांच्या परिषदेत. ते बोलणं आपल्या वस्तीपर्यंत पोचता पोचत नाही. म्हणून मी उभा राहिलो. मी डॉक्टर नाही. वाचून, डॉक्टर मंडळींना प्रश्न विचारून विचारून बेजार करून, आणि खाचरात राबणाऱ्या माणसांशी बोलून जे कळलं ते तुमच्यापुढे मांडतो.

आजाराचं नाव लेप्टोस्पायरोसिस. जिभेला जड आहे, म्हणून सगळे लेप्टो म्हणतात. आपणही तेच म्हणू. हा जंतूचा आजार. जंतू इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धड दिसतही नाही. मळसूत्रासारखा पिळदार, टोकाला आकडा. थेट प्रश्नचिन्ह. शास्त्रज्ञांनी म्हणूनच त्याच्या एका जातीला नाव दिलं 'इंटरोगन्स', म्हणजे प्रश्न विचारणारा.

हा प्रश्नचिन्ह राहतो उंदराच्या मूत्रपिंडात. उंदराचं काही बिघडत नाही. तो खातो, पितो, पिल्लं काढतो आणि मुतत फिरतो. मुतासोबत जंतू बाहेर पडतात, महिनोन् महिने पडत राहतात. कुत्रं, डुक्कर, गाय, म्हैस यांच्या मुतातूनही ते येऊ शकतात, पण सगळ्यात मोठा पुरवठादार उंदीर आणि त्याची भावकी, म्हणजे घूस आणि शेतातला उंदीर. बाहेर पडलेला जंतू वाळल्या जमिनीवर, कडक उन्हात मरतो. ओल्या मातीत आणि साचलेल्या गोड्या पाण्यात मात्र आठवडे-आठवडे जगतो. आता तुम्हीच सांगा. ओली माती, साचलेलं गोडं पाणी, बाजूला उंदरांच्या बिळांनी पोखरलेला बांध. हे वर्णन कशाचं?

भाताच्या खाचराचं.

आपण बसलोय ते पनवेल. आज इथं टॉवर आहेत, हायवे आहेत, महानगरपालिका आहे, विमानतळ आहे. पण मुळात हा भाताचा मुलूख. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला गाढी नदी, मधे खाचरं. इथंच खार जमीन संशोधन केंद्र आहे. खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या भाताच्या जाती तिथं काढल्या, आणि त्या जातींची नावंच आहेत पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३. चांगलं काम आहे, त्याबद्दल आदर आहे. भाताला पनवेलचं नाव मिळालं. भात लावणाऱ्या बाईचं नाव मात्र कुठल्याच कागदावर नाही. कुणी म्हणेल, खारपट्टीत पाणी खारं, तिथं जंतू कुठून जगणार? पण लावणी होते ती पावसानं मीठ धुऊन खाली नेल्यावर. पावसाळ्यात खाचरातलं पाणी सगळीकडे गोडंच असतं.

शेतातल्या उंदराचा संसार बांधात असतो. तिथं तो बीळ पाडतो, शाखाबिळं काढतो, कोठार करतो. भात पोटरीत आलं की देठ कुरतडतो, पिकलं की लोंब्या ओढून बिळात भरतो. मृगाचा पाऊस लागला, खाचरं भरली, की खालच्या बिळांत पाणी शिरतं आणि सगळी पलटण वर बांधाच्या कोरड्या माथ्यावर येते. दोन्ही बाजूंना पाणी, मधे उंदीर. मूत जाणार कुठं? पाण्यातच. आणि दुपारी भाकर सोडायला मजूर बसतो कुठं? त्याच बांधावर. हात धुतो कुठं? त्याच पाण्यात.

आता पायांकडे या.

लावणी म्हणजे काय हे शहरात वाढलेल्यांनी एकदा बघून यावं. चिखलणी झालेल्या खाचरात गुडघ्यापर्यंत पाय रुतलेले. सकाळी जे वाकायचं ते संध्याकाळीच सरळ व्हायचं. एका हातात रोपांची मूठ, दुसऱ्या हातानं चिखलात बोटं खुपसून एकेक चूड लावत मागं मागं सरकायचं. पावसाचा मारा पाठीवर. त्यासाठी आपल्या म्हाताऱ्यांनी पानांचं इरलं शोधलं, पुढं प्लास्टिकचा कागद आला. डोकं झाकलं, पाठ झाकली. पायाला काय? पायाला काही नाही. शास्त्रानं ज्यांना पायाशी बसवलं त्यांच्या पायाची फिकीर कोण करणार?

आठ दिवस पाण्यात राहिला की पाय पाय राहत नाही. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, कुजतात, फाटतात. याला आपल्याकडे 'चिखल्या' म्हणतात. चिखल्यांना मेंदी लावतात, तेल-हळद लावतात, कुणी नुसतंच सोसतं. टाचेच्या भेगा वेगळ्या. धसकटानं, खेकड्याच्या नांगीनं, काचेच्या तुकड्यानं फाटलेलं वेगळं. लेप्टोच्या जंतूला याहून मोठं दार लागत नाही. कातडीला बारीकशी चीर पुरते. डोळ्यात उडालेला थेंब पुरतो. भिजून भिजून मऊ पडलेलं कातडंही त्याला चालतं. म्हणजे उंदीर चावावा लागत नाही, दिसावाही लागत नाही. त्यानं रात्री मुतून जायचं आणि आपण सकाळी कामावर यायचं, एवढंच पुरतं.

जंतू शिरल्यावर साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप येतो. कधी आधी, कधी महिन्याभरानंही. थंडी वाजून जोराचा ताप, कपाळ फुटेल असं डोकं, अंग मोडून येणं, आणि खास करून पोटऱ्या आणि कंबर दुखणं. डोळे लाल होतात, पण घाण येत नाही. पुष्कळांचा ताप इथंच उतरतो, त्यांना काय झालं होतं हे त्यांनाही कळत नाही. पण काहींचं पुढं जातं. डोळे पिवळे होतात, लघवी कमी होत बंद होते, खोकल्यातून रक्त पडतं, फुप्फुसात रक्त साठून माणूस गुदमरतो. काविळीसह होणारा हा जबर प्रकार १८८६ साली जर्मनीत अॅडॉल्फ वाइल नावाच्या डॉक्टरानं नीट लिहून काढला. जंतू पकडला तो जपानमधल्या इनाडा आणि इडो या दोघा संशोधकांनी, १९१४-१५ च्या सुमारास. कुणाच्या आजारात? क्यूशू बेटावरच्या कोळसा खाणीतल्या मजुरांच्या.

या आजाराला जगभर कोणती नावं पडली ती ऐका. भातशेतीचा ताप. ऊसतोड्यांचा ताप. चिखलताप. सुगीचा ताप. डुकरं राखणाऱ्यांचा आजार. एकही नाव राजाचं नाही, शेठजीचं नाही. सगळी नावं कामाची आहेत. आपल्याच देशात १९३१ साली टेलर आणि गोयल यांनी अंदमानातल्या लेप्टोवर संशोधन छापलं. काळ्या पाण्याच्या त्या वसाहतीत जंगल तोडणारे आणि शेतात राबणारे कोण होते? कैदी. पुढं १९९० नंतर दक्षिण गुजरातेत, सुरत-वलसाड-नवसारीच्या पट्ट्यात, साथी आल्या. आजारी कोण पडलं? भात आणि ऊस यांच्या शेतातले मजूर. केरळात याला सरळ उंदीरतापच म्हणतात. जिथं पाऊस, भात आणि अनवाणी माणूस एकत्र येतात तिथं लेप्टो असतो. २०१५ साली जगभराचा एक अंदाज छापून आला. दरवर्षी दहा लाखांवर माणसांना हा आजार होतो आणि जवळजवळ एकोणसाठ हजार मरतात. उष्ण प्रदेशातले, गरीब देशांतले, बहुतांश कामकरी वयाचे पुरुष.

आता घरातलं एक सांगतो. माझा चुलत भाऊ लावणीच्या दिवसांत रोजावर जायचा. ताप आला. एका दवाखान्यात सुई टोचली आणि तीन रंगांच्या गोळ्या दिल्या. कुठं काम करतोस, हे विचारलं नाही. पोटऱ्या दुखायला लागल्या तेव्हा घरच्यांना वाटलं लावणीची अंगमोड आहे. डोळे लाल झाले, वाटलं डोळे आले. डोळे पिवळे झाले, तेव्हा शेजारच्यांनी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. तो बाबा चुन्याच्या पाण्यात हात धुतो, पाणी पिवळं होतं आणि 'बघा, कावीळ उतरली' म्हणतो. हाताला आधी सालीचा रस चोळला की चुन्याचं पाणी पिवळं होतंच, मग पुढ्यात काविळीचा रोगी असो की दगड असो. त्यात दोन दिवस गेले. लघवी बंद झाली तेव्हा मोठ्या इस्पितळात नेलं. मूत्रपिंडं बसली होती. बत्तीस वर्षांचा गडी. मृत्यूच्या दाखल्यावर लिहून आलं : ताप, कावीळ, मूत्रपिंड निकामी. तिन्ही गोष्टी खऱ्या. पण त्यात खाचर नाही, चिखल नाही, उंदीर नाही, ज्याच्या शेतावर तो रोजानं गेला त्याचं नाव नाही. कागदावर माझा भाऊ आपल्या शरीराच्या दोषानं मेला.

दोस्तांनो, राग मला उंदराचा नाही. राग या कागदाचा आहे.

कारण हा आजार काही असाध्य नाही. त्याला चांदीचं औषध लागत नाही. डॉक्सिसायक्लिन नावाची साधी स्वस्त गोळी आणि पेनिसिलिनचं जुनं इंजेक्शन, सुरुवातीच्या दिवसांत मिळालं तर माणूस वाचतो. अडचण अशी की रक्तात जी चाचणी नेहमी करतात ती पहिल्या आठवड्यात बहुधा काही दाखवतच नाही, कारण शरीरानं जंतूविरुद्ध तयार केलेली द्रव्यं तोवर पुरेशी वाढलेली नसतात. म्हणून शहाणा डॉक्टर रिपोर्टची वाट बघत नाही. पावसाळा, ताप, पोटऱ्या दुखतात, लाल डोळे, आणि माणूस चिखलात काम करतो, एवढं जुळलं की तो औषध सुरू करतो. म्हणजे सगळ्यात स्वस्त चाचणी कोणती? एक प्रश्न : 'बाबा, तू काम काय करतोस?' आणि नेमका तोच प्रश्न आपल्या माणसाला विचारला जात नाही.

उंदीर आणि आपण, हा इतिहास जुना आहे. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग आला. प्लेग हाही उंदराचाच जंतू, फक्त तो उंदराच्या पिसवेवर बसून येतो. तो पुण्यात पोचला. पाठ्यपुस्तकात त्या प्लेगचं पान काढा. रँड आणि चाफेकर भेटतील. त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात रोगी आणून पोचवत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर त्यांनी पाठीवर घालून आणलं. स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. ज्या पोराला शिवायचं नाही त्याला पाठीवर घेणं, ही आपल्या आरोग्यचळवळीची सुरुवात आहे. ती कुठल्या मंत्रालयानं केलेली नाही.

१९९४ साली प्लेग पुन्हा आला. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा, आणि मग सुरतेत फुप्फुसाचा. लाखो माणसं सुरत सोडून पळाली, विमानं थांबली, देश हादरला. का हादरला? कारण फुप्फुसाचा प्लेग खोकल्यातून माडीवर चढतो. लेप्टो माडीवर चढत नाही. तो माणसाकडून माणसाकडे सहसा जात नाही. तो खाचरातच राहतो, गटारातच राहतो. म्हणून त्याच्यासाठी विमानं थांबत नाहीत.

एकदा मात्र तो शहराच्या रस्त्यावर आला. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. मुंबई कमरेएवढ्या पाण्यात. पांढरपेशा माणूस पहिल्यांदा त्या पाण्यातून तासन् तास चालत घरी गेला, ज्या पाण्यात आपला माणूस दर पावसाळ्यात उभा असतो. पुढच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोचे रोगी कैक पटींनी वाढले, आणि मग 'लेप्टो' हा शब्द वर्तमानपत्रांत घरोघरी गेला. आज महापालिका पावसाळ्यात आवाहन करते, पाण्यातून चाललात तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी घ्या. चांगलं आहे. पण एक दिवस पाण्यातून चाललेल्याला सल्ला आणि महिनाभर पाण्यात उभ्या असलेलीला काय?

शहरातल्या दोस्तांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका. तुमच्यातल्या कितीजणांचे बाप, मामा, काका सफाई खात्यात आहेत? खाचराचा धाकटा भाऊ म्हणजे गटार. तिथंही ओल, तिथंही उंदीर, तिथंही फाटलेले हातपाय. २०१३ च्या कायद्यानं साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा ठरवलं. उतरवणं थांबलंय का, हे तुमच्या घरी जाऊन विचारा. मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक खात्यात तर रात्री उंदीर मारायची नोकरी आहे. बॅटरी आणि काठी घेऊन बाजारांच्या गल्ल्यांत फिरायचं, रात्रीत तीस उंदीर मारायचे, सकाळी मोजून द्यायचे. त्यांच्यावर सिनेमाही निघाला. शहर झोपतं ते या माणसांच्या काठीवर. एकीकडे उंदीर गणपतीचं वाहन, त्याच्यापुढं मोदक. दुसरीकडे उंदीर मारणाऱ्याच्या हातचं पाणी कुणी पिणार नाही. हे आपल्या देशाचं आरोग्यशास्त्र.

आणि आपल्याच तालुक्यातला कातकरी? तो शेतातला उंदीर पकडून खातो म्हणून त्याला हसतात. हसणाऱ्याला हे कळत नाही की कातकरी एक बीळ खणतो तेव्हा शेतकऱ्याच्या भाताचा एक चोर कमी होतो. बिळातलं पळवलेलं धान्य बाहेर निघतं. फुकटात झालेलं काम आहे हे. त्याला हिणवायचं कारण नाही. त्याला सांगायचं ते इतकंच : शिजवल्यावर जंतू मरतो, पण उंदीर सोलताना, पोट फाडताना हाताला चीर असेल तर धोका आहे. हातात काहीतरी घाला, नंतर साबणानं धुवा. हे सांगायला वाडीवर जावं लागतं. वाडीवर जायला पाय मळवावे लागतात.

आता कायद्याकडे येऊ. इथं जरा नीट ऐका, कारण लढायचं हत्यार इथंच आहे.

१९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कामामुळं होणाऱ्या रोगांची यादी आहे. त्या यादीत, अगदी पहिल्याच भागात, लिहिलंय की ज्या कामात संसर्गाचा खास धोका आहे त्या कामातून जडलेला संसर्गजन्य रोग हा कामाचा रोग समजावा. वाचून बरं वाटतं. मग दुसरी अनुसूची उघडा, कोणत्या कामाचा माणूस या कायद्यात बसतो ते सांगणारी. तिथं शेतीही आहे, पण कोणती? ट्रॅक्टरनं, यंत्रानं, विजेनं चालणारी. चिखलात हातानं एकेक चूड लावणारी बाई तिथं शोधून सापडत नाही. इंजिनाला जे कायद्यानं दिलं ते पायाला दिलं नाही. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मिसळला. रोगांची यादी तिथंही आहे. आपण तिथं आहोत का, हा प्रश्नही तिथंच आहे.

दुसरं. राज्य सरकारची शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची, २०२३ पासूनची. शेतकऱ्याला साप चावला, विंचू चावला, वीज पडली, तर मदत मिळते. कुणाला? सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याला कुठला अपघात? आणि आजारानं आलेलं मरण तिथं नैसर्गिक मरण. म्हणजे बघा, साप चावला तर अपघात, उंदीर मुतला तर निसर्ग. साप आणि उंदीर एकाच बांधात राहतात, मारतात एकाच माणसाला, आणि सरकारदरबारी एकाची नोंद होते, दुसऱ्याची होत नाही.

हे असंच असतं, चालायचंच, असं म्हणणाऱ्यांसाठी एक हकीकत सांगतो. ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलँड, ऊसाचा मुलूख. १९३३-३४ च्या सुमारास तिथं ऊसतोडणी कामगारांत हाच आजार पसरला. ऊसाच्या दाट पाचोळ्यात उंदीर, ओल आणि त्यात उघडे हातपाय. माणसं मेली. कामगारांनी म्हटलं, तोडणीआधी ऊस पेटवा, म्हणजे पाचोळा जळेल, उंदीर पळेल, जमीन वाळेल. कारखानदारांनी आणि मळेवाल्यांनी हिशोब मांडला : जळका ऊस म्हणजे तोटा. १९३५ साली कामगारांनी संप केला. वेगवेगळ्या देशांतून आलेले, वेगवेगळ्या भाषा बोलणारे गडी आठवडेच्या आठवडे एकत्र राहिले. संप मोडला गेला. पण पुढच्या काळात तोडणीआधी ऊस जाळणं तिथं रूढ झालं. या संपाचं मोल कशात आहे? त्या कामगारांनी तापाला नशिबाच्या खात्यातून काढून मजुरीच्या खात्यात टाकलं. किती पैसे देणार याच्याबरोबर विचारलं, जिवंत ठेवणार का?

आपल्याच रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाणी पिण्याचा हक्क तिथं बजावला. पाण्यात उभं राहून न मरण्याचा हक्क अजून बजावायचा राहिलाय.

म्हणून नुसतं भाषण नको. काम सांगतो.

पहिलं काम वस्तीतलं. मे महिन्यात आपापल्या गावात, वाडीत, लावणीला जाणाऱ्या प्रत्येकाची यादी करा. जमीन कुणाची ते विचारू नका, चिखलात कोण उतरतं ते विचारा. आगरी-कुणब्यांतला छोटा शेतकरीही त्याच चिखलात उभा असतो, त्याचंही नाव घ्या. ही यादी घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. लागणीचा धोका आहे त्या दिवसांत आठवड्यातून एकदा दोनशे मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देण्याची पद्धत आहे. अंदमानातल्या एका साथीत याची परीक्षा झाली, तिचा निकाल २००० साली छापून आला : गोळीनं जंतूची लागण थांबत नाही, पण माणसं आजारी पडणं आणि मरणं कमी होतं. आपल्याला तेच हवंय. मात्र गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं, आशाताईंच्या हातून. गरोदर बाईला आणि लहान पोरांना ही गोळी चालत नाही, म्हणून मनानं वाटू नका.

दुसरं काम तोंडी. गावातल्या प्रत्येकाला एक वाक्य पाठ करून द्या. पावसात ताप आला की दवाखान्यात पाय ठेवताच सांगायचं : 'डॉक्टर, मी चिखलात काम करतो.' आजार सांगण्याआधी काम सांगायचं. त्यांनी विचारलं नाही तरी सांगायचं. आणि डोळे पिवळे झाले की बाबाकडे जायचं नाही. चुन्याचं पाणी पिवळं करून दाखवणाऱ्याला चौकात बसवून तोच खेळ चारचौघांत उघडा पाडा.

तिसरं काम उंदराचं. एकट्यानं आपल्या बांधावर औषध टाकून काही होत नाही. तुमचा उंदीर शेजारच्या बांधावर जातो आणि चार दिवसांनी परत येतो. उन्हाळ्यात, खाचरं कोरडी असताना, बिळं स्पष्ट दिसतात. तेव्हा साऱ्या शिवारानं एकाच आठवड्यात बिळं खणायची, बुजवायची, जिवंत बिळं ओळखून तिथंच आमिष ठेवायचं. झिंक फॉस्फाइड हे जहाल विष आहे. पोरंबाळं आणि कोंबड्या-कुत्र्यांपासून लांब ठेवा, हातानं कालवू नका. घुबड आणि धामण मारू नका. ते आपल्या बाजूचे आहेत.

चौथं काम मालकाचं, म्हणजे त्याच्याकडून करून घ्यायचं. पायात बूट. आता कुणी म्हणेल, गमबूट चिखलात रुततो, पाय निघतो आणि बूट राहतो. खरं आहे. पण जपानमध्ये भातलावणीसाठी पायाला घट्ट बसणारे, गुडघ्यापर्यंतचे पातळ रबरी बूट मिळतात. जिथं माणसाची किंमत आहे तिथं बुटाचा आकार बदलतो, माणसाला 'सोस' म्हणत नाहीत. तोवर निदान बांधाला स्वच्छ पाण्याचा हंडा आणि साबण, जखमेवर पट्टी, चिखल्यांवर मलम. ही भीक नाही. रोजाच्या बोलणीत हे कलम घाला.

पाचवं आणि सगळ्यात चिवट काम कागदाचं. पावसाळ्यात आपल्यातला कुणी तापानं गेला, तर दाखल्यावर धंदा लिहून घ्या. कुठल्या शेतावर, किती दिवस, कुठल्या तारखांना, हे त्याच आठवड्यात वहीत लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. चाचणी झाली असेल तर तिची प्रत मागून घ्या. एका माणसाचा कागद कचऱ्यात जातो. एका तालुक्यातले सगळे कागद एकत्र आले की त्यांना आकडा म्हणतात, आणि आकडा कलेक्टरच्या टेबलावर आपटता येतो. मग मागणी करायची : खाचरातला लेप्टो हा कामाचा रोग धरा. हातानं काम करणारा शेतमजूर कायद्याच्या यादीत घ्या. सापाला जी मदत, तीच उंदराला.

लावणीला अजून वेळ आहे. यादीची वही मी आणली आहे, ती पहिल्या रांगेपासून फिरवा. नाव लिहू नका. गाव लिहा, आणि मे महिन्यात त्या गावात कोण जाणार ते लिहा.